मामाच्या यंत्राची आठ मिनिटं

अंध मुलांच्या शाळेत मागच्या अंगाला एक लांबट खोली होती, आणि त्या खोलीत मामाचं राज्य होतं. ब्रेलची पुस्तकं तिथे छापली जायची. टेबलावर जुना कॉम्प्युटर, त्याच्या शेजारी जाड कागदावर ठिपके उमटवणारं बोजड यंत्र, आणि भिंतीला लागून कागदांचे गठ्ठे. मामा जन्मापासून अंध. बावीस वर्षं तो हे यंत्र चालवत होता, आणि त्याला यंत्राचा कान आहे असं शाळेत सगळे म्हणत. छपाई चालू असताना एखादा ठिपका कमी उठला, तरी मामा बोलता बोलता थांबे आणि हात पुढे करून कागद चाचपून बघे.

अलीकडे मात्र कॉम्प्युटरचं लक्षण ठीक नव्हतं. सकाळी सुरू केला की तो सात-आठ मिनिटं नुसता बसून राही आणि मग कधीतरी जागा होई. दमट हवेत तर तो जागाच होईना. तीन-चारदा बंद-चालू करावं तेव्हा कुठे काम सुरू व्हायचं. परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि भूगोलाची चाळीस पुस्तकं छापायची राहिली होती. मुख्याध्यापिका बाई मायाळू होत्या, पण व्यवहारी. त्यांनी मामाला बोलावून सांगितलं की हे आता मोडीत काढू, पुस्तकं बाहेरून मागवू, आणि तुम्ही ऑफिसात फोनवर बसा. मामा "बरं" म्हणाला. घरी येऊन त्याने बहिणीला फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज विचारावं तसं विचारलं, की पोरगी शनिवारी मोकळी आहे का.

पोरगी म्हणजे त्याची भाची. वय तेहतीस, एका इस्पितळातले सगळे कॉम्प्युटर सांभाळायची, पण मामाच्या लेखी अजून पोरगीच. शनिवारी सकाळी ती पिशवीत पेचकस आणि टॉर्च घेऊन हजर झाली. मनात थोडी धाकधूक होती. मामा कधी रागावत नसे, कुणाला चूक दाखवतही नसे. तो फक्त गप्प होई, आणि त्याचं ते गप्प होणं तिला लहानपणापासून जड जायचं.

तिने आधी झाकण उघडलं. आतल्या बोर्डवर डिस्क चालवणारा भाग, म्हणजे एक कंट्रोलर होता आणि त्याला डिस्क जोडलेली होती. शिवाय एक जास्तीचं कार्ड खोचलेलं होतं. त्याच्यावर आणखी एक डिस्क कंट्रोलर होता, पण त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. मामाने सांगितलं की पूर्वी तिथे दुसरी डिस्क होती, ती जळाली तेव्हा मिस्त्री फक्त डिस्क काढून घेऊन गेला. भाचीला वाटलं, झालं, कार्ड उपटलं की सुटलो. पण ठिपक्यांच्या यंत्राची केबल नेमकी त्याच कार्डाच्या दुसऱ्या टोकाला लावलेली होती. कार्ड काढलं तर यंत्रच मुकं व्हायचं.

मग तिने कॉम्प्युटर सुरू केला आणि स्क्रीनवर सरकणाऱ्या ओळी मामाला वाचून दाखवू लागली. मामाने एक तळवा कॉम्प्युटरच्या पेटीवर टेकवला. ऑपरेटिंग सिस्टीम जागी झाली की आधी घरात कोण कोण आहे ते बघते, हे तिने त्याला समजावलं. प्रत्येक कंट्रोलरकडे जाऊन विचारते, तुझ्याकडे डिस्क आहे का. ज्याच्याकडे काही नाही तो नीट "नाही" म्हणाला तर ती पुढे जाते. पण हे जुनं कार्ड धड "नाही"ही म्हणत नव्हतं. काहीतरी अर्धवट खूण देत होतं, म्हणून सिस्टीम थांबायची, पुन्हा विचारायची, पुन्हा थांबायची.

"म्हणजे दाराशी ताटकळत उभी," मामा म्हणाला.

"आणि दमट हवेत कार्डाची खूण आणखी बिघडत असणार," ती म्हणाली.

बोर्डाच्या सेटिंगच्या पानावर तिने शोध शोध शोधलं. तिथे एका जागी दुसरी डिस्क बंद करायची सोय सापडली, ती तिने बंद केली. काही फरक पडला नाही. सिस्टीम त्या पानावर विसंबत नव्हती, स्वतःच फिरून शोधत होती. तेव्हा आता सांगायचं तर सिस्टीमलाच सांगायला हवं होतं. सुरू होतानाच्या आज्ञेत एक ओळ जोडायची, की अमुक नंबरच्या कंट्रोलरकडे जाऊच नकोस. तिने बोर्डवरचा पहिला आणि कार्डावरचा दुसरा असं धरलं आणि दुसरा बंद करायची ओळ लिहिली.

कॉम्प्युटर नेहमीसारखाच ताटकळला. मग स्क्रीनवर उमटलं की डिस्क सापडत नाही, आणि सगळं ठप्प झालं.

त्या डिस्कवर बावीस वर्षांची पुस्तकं होती. लिहिलेली ओळ एकाच खेपेपुरती असते, पुन्हा सुरू केलं की पुसली जाते, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी तिने लिहिलेली ओळ मनात पुन्हा तपासली. मामा गप्प झाला होता. ती "चुकलं माझं" म्हणणार, तेवढ्यात तोच बोलला.

"आधीच्या खेपेला दोनदा खडखडलं होतं. एकदा अगदी सुरुवातीला, आणि एकदा वाट बघून झाल्यावर. आता सुरुवातीचं खडखडलं, वाट तर तेवढीच बघितली, पण दुसरं खडखडलंच नाही."

ती पेटीकडे बघत राहिली. तो गप्प झाला होता ते ऐकत होता म्हणून, हे तिच्या ध्यानात आलं. आणि त्याने सांगितलेल्यात उत्तर होतं. वाट बघणं थांबलं नव्हतं, म्हणजे रिकामा कंट्रोलर अजून चालू होता. सुरुवातीला सिस्टीम उचलताना डिस्क खडखडली, पण दुसऱ्यांदा खडखडली नव्हती, म्हणजे बंद झाला होता तो डिस्क जोडलेला. सिस्टीम कार्डाला पहिलं मोजत होती आणि बोर्डाला दुसरं. तिने उलट धरलं होतं, एवढंच.

तिने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि ओळीत दोनाच्या जागी एक घातला. मामाने आता दोन्ही तळवे पेटीवर ठेवले. डिस्क खडखडली, आणि लगेच, श्वास घ्यायला थांबावं इतक्यात, पुन्हा खडखडली. चाळीस सेकंदांत कॉम्प्युटरने तयार झाल्याची शिटी दिली. भाचीचा जीव भांड्यात पडला. ठिपक्यांच्या यंत्राला तिने एक पान पाठवून पाहिलं. कार्डाच्या त्या टोकाला काही धक्का लागला नव्हता, पान खटाखट उमटून बाहेर आलं. मामाने त्यावरून बोट फिरवलं आणि नुसती मान हलवली.

मग तिने ती ओळ कायमची लिहून ठेवली आणि खात्री म्हणून पाचदा बंद-चालू करून पाहिलं. सहाव्यांदा मामाने तिचा हात धरला. "पुरे आता. त्यालाही जरा विश्वास वाटू दे," तो म्हणाला, आणि तिला हसू आलं. पुढे येणाऱ्यालाही कळायला हवं म्हणून त्याने ती ओळ तिच्याकडून अक्षर अक्षर सांगून घेतली, ब्रेलमध्ये छापली आणि पेटीच्या कडेला चिकटवली. तिने त्याच्याच खाली तीच ओळ पेनाने लिहिली.

खटखट ऐकून मुख्याध्यापिका बाई डोकावल्या. त्यांनी घड्याळ लावून एकदा सुरू करायला लावलं, शंका राहू नये म्हणून. मग म्हणाल्या की मोडीत काढायचं पुढच्या वर्षी बघू, आणि फोनवर बसायला दुसरं कुणीतरी शोधते. मामा पुन्हा "बरं" म्हणाला, पण या वेळचं "बरं" वेगळं होतं, ते त्यांनाही कळलं असावं. जाताना त्या भाचीच्या पाठीवर हात ठेवून गेल्या.

दुपारपर्यंत भूगोलाची सहा पुस्तकं झाली. भाची कागद लावत होती, मामा पानं चाचपून रचत होता. नद्यांच्या धड्यात एका पानावर कागद तिरका गेला, तो त्याने न बोलता बाजूला काढला आणि तिच्या हातात दुसरा दिला. या वेळी त्याचं गप्प राहणं तिला जड गेलं नाही. एकाच्या सुमाराला त्याने डबा उघडला आणि पोळी-भाजी दोघांत वाटली.

"आईला फोन कर," तो म्हणाला. "सांग, संध्याकाळी येतेस. अजून चौतीस आहेत."

तिने एका हाताने घास घेतला, दुसऱ्या हाताने फोन लावला, आणि शेजारचं यंत्र इतकं खटखटत होतं की आईला तिचं अर्धं बोलणं ऐकूच गेलं नाही.