तेल पाजलेली चप्पल

ठण्ण करून तेलाची वाटी फरशीवर पालथी झाली आणि घरातली शांतता तडकली. तानूनं दचकून माजघराकडं पाहिलं. आता आत्ती म्हणणार, "सांडा, सांडा! तेल काय नळाला येतंय?" पण तिची सासू, झुंबरबाई, भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. दवाखान्यातून आल्यापासून तिनं कशालाच नाव ठेवलं नव्हतं.

एरवी तिचं तोंड चहाच्या आधी उघडायचं. चहा पाणचट, दुधात फेसच जास्त, शेजारीण मुद्दाम भांडी आपटते. गल्ली तिला 'आकाशवाणी' म्हणायची. "काय झुंबरबाई, आज काय बिघडलंय?" असं मुद्दाम विचारून बायका पदराआड हसायच्या. तानूही हसायची. जेवताना नवऱ्यापुढं सासूची नक्कलही करायची.

नवरा केरबा चपलांचा कारागीर. दिवाळीला त्यानं आईसाठी स्वतःच्या हातानं चप्पल शिवली. दोन दिवसांत आई म्हणाली, "चावतीय रं."

"नवी हाय, चावणारच. तेल पाज की!" गिऱ्हाइकालाही तो हेच सांगायचा, पण आईचं बोलणं त्याला झोंबलं. "सगळ्या कोल्हापुरात माझी चप्पल चालती, हिलाच तेवढी चावती!"

तानूनं वाटीत तेल घेऊन पट्टे भिजवले. आठ दिवसांनी परत भिजवले.

"आता बघा आत्ती, लोण्यावानी झालीया."

"पाय जळतोय गं. बोट काळं पडलंय."

तानूनं तिसऱ्यांदा तेल पाजलं. चपलेलाच. पाय हातात घेऊन कुणी बघितला नाही. वास सुटला तेव्हा बघितला. अंगात साखर होती म्हणे. घोट्याच्या वर कापावा लागला.

गल्लीतल्या बायका भेटून गेल्या. उंबऱ्याबाहेर पडताच एक जण म्हणाली, "आता तरी गप झाली बिचारी." ते आतपर्यंत ऐकू आलं होतं.

तानू तेल पुसायला वाकली. तिची पाच वर्षांची बेबी मांडीवर आजीची चप्पल घेऊन बसली होती, हात कोपरापर्यंत तेलकट.

"आई, माझी दाढ दुखतीया."

"परवापास्नं तुझं एकच रडगाणं..." बोलता बोलता तानूची नजर त्या चपलेवर गेली. तिनं लेकीला उजेडाकडं ओढलं, हनुवटी धरली. "आ कर बघू, सोन्या. मोठ्ठा."

बेबीनं आ केला. मग तोंड मिटून आईकडं बघत राहिली. माजघरात आत्तीनं कूस बदलली.

"आई, आजीनं कितींदा सांगितल्यावर तू बघितलंस?"