मागच्या आठवड्यात यायला हवं होतं

मित्रांनो, मी एक जुनी लाल छत्री आहे. जन्म इंग्लंडातला. छत्रीने जन्म घ्यावा तर तिथेच घ्यावा, असे म्हणतात. तरीही माझे निम्म्याहून अधिक आयुष्य मिटूनच गेले, आणि आता माझे जे चालले आहे ते ऐकलेत तर तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. मला मात्र अजून राग येतो.

एका लहानशा कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. मूठ चेस्टनटच्या लाकडाची, काड्या पोलादाच्या, कापड घट्ट विणीचे. काम पुरे झाल्यावर त्याने मला उघडले, डोक्यावर धरले आणि शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाईला हाक मारली. "ये गं जरा खाली. बघ, दोघं कशी आरामात मावतात." त्याचे ते शब्द मी मनाशी धरून ठेवले. दोन माणसांना कोरडे ठेवायचे, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. ती काय फार मोठी होती का, तुम्हीच सांगा.

मला विकत घेतले गिलियनबाईंनी. दर वसंतात वीस-बावीस माणसे बसमध्ये घालून खेड्यापाड्यांतल्या बागा दाखवत फिरायचे, हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी माझे कापड पाहिले नाही, काड्या मोजल्या नाहीत. "लाल आहे, लांबून दिसेल," एवढेच म्हणाल्या आणि पैसे देऊन मोकळ्या झाल्या. त्यातला अर्थ मला तेव्हा कळला नाही.

पहिल्याच सहलीच्या सकाळी त्यांनी पिवळी फीत घेतली, माझ्याभोवती घट्ट गुंडाळली आणि वर गाठ मारली. मग बसच्या दारात उभे राहून मला उंच धरले. "मंडळी, ही छत्री दिसली की मागे यायचं. छत्री थांबली की थांबायचं. छत्री दिसेनाशी झाली तर समजा, तुम्ही हरवलात." सगळे हसले. मीही हसले. पाऊस येईल तेव्हा फीत सुटेलच, अशी माझी समजूत होती.

पाऊस पहिल्या बागेच्या फाटकातच आला. गिलियनबाईंनी रेनकोटची टोपी डोक्यावर ओढली. मागच्या सगळ्यांनी आपापल्या टोप्या ओढल्या. मी मात्र मिटलेलीच, हवेत उभी. माझ्या टोकावरून निघालेले पाणी बाईंच्या कोपरापर्यंत ओघळत होते. कोणीतरी विचारलेही, "अहो, भिजताय की. उघडा ना ती छत्री."

"उघडली की ती चार छत्र्यांतली एक होते. मिटलेली आहे, म्हणून तर ओळखू येते," गिलियनबाई म्हणाल्या.

बोलणे खरे होते, आणि खरे होते म्हणूनच अंगाला लागले. त्या दिवसापासून मी छत्री राहिले नाही, काठी झाले. लोक कौतुक करायचे, तेही काठीचे. "ही नसती तर आपण त्या झुडपांच्या भुलभुलैयातच अडकून राहिलो असतो," म्हणायचे. मला हातात घेऊन फोटो काढायचे. कौतुकाने पोट भरत नाही, हे मी तेव्हाच शिकले.

आता बागांचे सांगते. इंग्लंडातला बागमालक फाटकाशी येतो तो चिखलाचे बूट घालून, हात विजारीला पुसत. आणि पहिले वाक्य ठरलेले असते. "अरेरे, मागच्या आठवड्यात यायला हवं होतं हो तुम्ही. ट्युलिप नुसते पेटले होते." दुसऱ्या बागेत गेलो की तिथली बाई म्हणणार, "जरा घाईच केलीत. पुढच्या आठवड्यात बघा ही भिंत, नुसती निळी होईल." मग आमची मंडळी रिकाम्या वाफ्याकडे किंवा हिरव्या भिंतीकडे बघून माना डोलावणार. "तरीसुद्धा छानच आहे हो," म्हणणार. आम्ही अगदी वेळेवर आलो आहोत, असा दिवस त्या देशाच्या पंचांगात नव्हताच. मलाही तसेच वाटायचे. माझ्या उघडण्याचा दिवस एक तर होऊन गेलेला, नाही तर अजून यायचा.

त्यात क्लाइव्ह नावाचे एक निवृत्त बँक अधिकारी दर वर्षी यायचे. त्यांना काहीही दाखवा, त्यांचे उत्तर तयार. "हे आमच्याकडे आहे. याहून मोठं." एकदा तीनशे वर्षांच्या ओक वृक्षालाही ते असेच म्हणाले. त्यांच्याकडे फ्लॅट होता.

आणि याच सहलीत एक बेरिलबाई होत्या. उत्तरेकडच्या, यॉर्कशरच्या. सत्तरी उलटलेली, बारीक चणीच्या. बसमध्ये पहिल्या बाकावर खिडकीशी बसायच्या, आणि समोरच्या दांडीला मी अडकवलेली असायचे. त्या खिडकीकडे बघून स्वतःशीच पुटपुटायच्या. त्यांना वाटायचे, कोणी ऐकत नाही. मी ऐकत होते. त्यांची सारी कहाणी मला त्या पुटपुटण्यातूनच समजली.

त्यांचे यजमान आर्नल्ड यांनी घरामागे पिओनीचे, म्हणजे मोठाल्या गेंदेदार फुलांचे, एक झुडूप लावले होते. रोपावरची चिठ्ठी वाटेतच पडून गेली, त्यामुळे फूल कोणत्या रंगाचे येणार हे कोणालाच माहीत नव्हते. आर्नल्ड म्हणायचे, पिवळे येईल. बेरिलबाई म्हणायच्या, "पिओनी कुठे पिवळी असते होय? गुलाबी येईल, लिहून घे." वर्षानुवर्षे हा वाद चालला आणि झुडपाने काही तोंड उघडले नाही. वादाचा निकाल न लागताच आर्नल्ड गेले. मग घर विकावे लागले. बेरिलबाईंनी ते झुडूप चर्चच्या रोपविक्रीत देऊन टाकले. ग्लॉस्टरशरहून बहिणीकडे आलेले एक गृहस्थ, मिस्टर डॅकम, ते घेऊन गेले. पुढे एका वर्षी आमच्या सहलीच्या पत्रकात शेवटच्या बागेचे मालक म्हणून तेच नाव छापलेले बेरिलबाईंना दिसले, आणि त्यांनी लगेच जागा राखून ठेवली.

पहिल्या वर्षी पोचलो तर पाकळ्या गळून झुडपावर नुसती बोंडे. मिस्टर डॅकम म्हणाले, "मागच्या आठवड्यात यायला हवं होतं." दुसऱ्या वर्षी कळ्या घट्ट मिटलेल्या. "पुढच्या आठवड्यात बघा." दोन्ही वेळा बेरिलबाई म्हणाल्या, "असू दे, असू दे," आणि बसमध्ये येऊन बसल्या. रंग कोणता, हे त्यांनी विचारलेसुद्धा नाही. परत जाताना खिडकीला म्हणाल्या, "रंग काय विचारून कळतो?"

आता मित्रांनो, मला राग कसला येतो ते ऐका. त्यांनी यातले एक अक्षर कोणाला सांगितले नव्हते. ना गिलियनबाईंना, ना मिस्टर डॅकमना. सांगितले असते तर फूल उमलले की कळवण्याची सोय झाली असती. पण "उगाच कुणाला त्रास कशाला" हा त्यांचा धर्म होता. कोणी त्यांच्या पायावर पाय दिला तर "माफ करा" त्याच म्हणायच्या. आणि ज्या एकटीला सारे ठाऊक होते, त्या मला तोंड नव्हते. फीत बांधलेल्या छत्रीने करावे तरी काय?

तिसऱ्या वर्षी त्या पहिल्या बाकावर बसल्या तेव्हा काठी घेऊन आल्या होत्या. डोळ्यांनी दगा दिला होता. समोर बघितले की मधले सारे पुसल्यासारखे दिसायचे, फक्त कडेकडेचे दिसायचे. तेही पुढच्या वसंतापर्यंत राहणार नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. हे सगळे त्यांनी खिडकीला शांतपणे सांगितले. मी दांडीवर लटकून ऐकत राहिले.

शेवटच्या दिवशी डॅकमांच्या बागेत पोचलो तेव्हा आभाळ काळेनिळे झाले होते. मिस्टर डॅकम फाटकाशी आले. "मागच्या आठवड्यात यायला हवं होतं, मॅग्नोलिया काय सुरेख होता. खालची पिओनी मात्र आज सकाळीच उमललीय. एकच फूल आहे, पण बघण्यासारखं."

"आमच्याकडे आहे ती," क्लाइव्ह म्हणाले.

गिलियनबाईंनी आभाळाकडे पाहिले. "मंडळी, खालचा कोपरा या वेळी राहू दे. चिखल आहे, पाऊस येतोय आणि चहा तयार आहे." त्यांनी मला चहाघराच्या दिशेने उचलले आणि सगळे निमूट वळले. एकट्या बेरिलबाई जागच्या जागी उभ्या होत्या.

"बेरिलबाई, येताय ना? काही हवं होतं का?"

"नाही नाही. काही नाही. आलेच."

माझ्या काड्या आतल्या आत कळवळल्या. बोला ना बाई, असे मी मनात शंभरदा म्हटले असेन.

चहाघर म्हणजे जुना घोड्यांचा तबेला, वर पत्रा. मला दाराशी लोखंडी स्टँडमध्ये ठेवले. आत केकवर जाम आधी लावायचा की साय आधी, यावर वाद रंगला होता. तेवढ्यात पत्र्यावर टपटप सुरू झाली. मिस्टर डॅकमनी दाराबाहेर पाहिले. "गारा पडणार असं दिसतंय. गेलं ते फूल बिचारं," म्हणाले आणि चहा ढवळू लागले.

बेरिलबाईंनी भरलेला कप खाली ठेवला. "मी जरा जाऊन येते."

"बाथरूम डाव्या हाताला," मिस्टर डॅकम म्हणाले.

"तिकडे नाही," त्या म्हणाल्या. पुढचे कोणाला ऐकू आले नाही, कारण त्या तोपर्यंत माझ्यापाशी आल्या होत्या. "माफ कर हं," असे मला म्हणाल्या आणि त्यांनी मला उपसून काढले.

समोरचे दिसत नसल्यामुळे फांद्या तोंडावर येऊ नयेत म्हणून त्यांनी मला पुढे उंच धरले होते. आम्ही चिखलाच्या वाटेने उतरू लागलो आणि मागून पावलांचा आवाज आला. चहाघराच्या खिडकीतून क्लाइव्हना मी दिसले होते. "छत्री निघाली," एवढेच ते म्हणाले. झाले. सगळे उठले. कोणाच्या हातात केक, कोणाच्या हातात कप. का, कुठे, हे कोणी विचारले नाही. आधी रांगेत उभे राहायचे आणि रांग कसली ते नंतर विचारायचे, अशी ती माणसे. सर्वांत मागून गिलियनबाई धावत होत्या. "अहो, कुठे चाललात सगळे?"

"छत्री पुढे गेली ना," कोणीतरी म्हणाले.

झुडपापाशी बेरिलबाई थांबल्या, तसे सगळे थांबले. मागे वळून एवढी माणसे पाहिल्यावर त्या लाजेने लाल झाल्या. "अरे देवा. तुम्ही कशाला आलात? जा, चहा गार होईल." कोणी हलले नाही. तेवढ्यात पहिली गार पानावर आपटली, आणि त्या मोठ्या फुलाची मान खाली गेली.

बेरिलबाईंनी माझ्या फितीची गाठ ओढली. इतक्या वर्षांची भिजून आवळलेली गाठ, ती कुठली सुटायला? शेवटी त्यांनी ती दातांनी सोडवली. मी उघडले. कडाकड आवाज झाला. दोन काड्यांना गंज चढला होता, घडीवर कापड विरले होते, तिथे टर्रकन फाटले. पण उघडले. त्यांनी मला फुलावर धरले आणि स्वतःही वाकून त्याच्यापाशी तोंड नेले. पाठीवर गारा पडत होत्या.

"अहो बाई, छत्री आधी स्वतःवर घ्या," मिस्टर डॅकम ओरडले.

"मला भिजू दे. मी काही चार दिवसांत गळून पडणार नाही."

सरळ बघितले तर दिसत नव्हते, म्हणून त्यांनी मान तिरकी केली, आणखी तिरकी केली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या बघत राहिल्या. मग हळूच विचारले, "पिवळं आहे ना हो? की माझे डोळेच असे झालेत?"

"बटरसारखं पिवळं," मिस्टर डॅकम म्हणाले.

"जिंकलास रे बाबा आर्नल्ड," त्या म्हणाल्या. त्या रडत होत्या की भिजल्या होत्या, हे मला इतक्या जवळूनही सांगता येणार नाही. दोघे मावतात, असे कारागीर म्हणाला होता. त्या वेळी माझ्याखाली दोघेच होते, एक फूल आणि एक चेहरा.

क्लाइव्हनी आपला कोट काढून त्यांच्या पाठीवर धरला. फुलाकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, "हे काही आमच्याकडे नाही."

मग तिथेच, गारांत उभ्या उभ्या, सारी कहाणी बाहेर आली. गिलियनबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, आधी सांगायचं नाही का? पहिल्यांदा इथेच आलो असतो आपण."

"उगाच खोळंबा कशाला, म्हटलं," बेरिलबाई म्हणाल्या. मला इतका राग आला की आणखी एक शिवण उसवली असती.

निघताना मिस्टर डॅकमनी मला एका बांबूला बांधून फुलावर उभे केले. "दोन-चार दिवस राहू दे हिला इथंच." गिलियनबाई हो म्हणाल्या. त्या आता प्लॅस्टिकचे सूर्यफूल घेऊन फिरतात, असे ऐकते. आठवडा संपायच्या आत पाकळ्या गळाल्या. पुढच्याच सोमवारी दुसरी सहल आली आणि मिस्टर डॅकम त्यांना म्हणाले, "मागच्या आठवड्यात यायला हवं होतं." मी बोडक्या झुडपावर छत्र धरून उभी होते. कोणाचे लक्ष गेले नाही. उन्हाळा गेला, पाने पिकली, बर्फ पडला, पुन्हा वसंत आला. कापडाच्या चिंध्या झाल्या, माझ्या मुठीत गोगलगाईने बिऱ्हाड केले. जन्मभर मला कोणी उघडले नाही, आणि आता मिटत नाही.

बेरिलबाई यंदा आल्या नाहीत. आता त्यांना दिसत नाही. पण फोन करतात, रोज सकाळी. "त्रास देतेय हं," असे म्हणतात आणि खुशाल देतात. मिस्टर डॅकम फोन कानाला लावून इथपर्यंत चालत येतात, कळी कितपत फुगली ते सांगतात, आणि जाताना माझ्या फाटक्या कापडाला डोके आपटून मलाच शिव्या देतात.

मित्रांनो, वस्तू ज्या कामासाठी केलेली असते, ते काम तिला करू द्या. ओली छत्री उघडून वाळवा, आणि वाळली की मिटून ठेवा. मनात काही असेल तर खिडकीला सांगू नका, माणसाला सांगा. आणि तुमच्यापैकी कोणी कधी डॅकमांच्या बागेत आलेच, तर खालच्या कोपऱ्यापर्यंत या आणि मला जरा मिटा. पुढच्या आठवड्यात नको. आला असाल त्याच दिवशी.