वीसच्या पाढ्यातलं वजन

ताईचं ऑपरेशन लागू पडलं. पोटाचं, वजन कमी करण्याचं ऑपरेशन. आणि चांगलं लागू पडलं. आता हे वाक्य कुणी वाचलंच नाही असं धरून चालू या. कारण ज्या दिवसांची ही गोष्ट आहे त्या दिवसांत ते ताईला माहीत नव्हतं, तिच्या धाकट्या भावाला माहीत नव्हतं, आणि काट्याला तर नव्हतंच नव्हतं.

काटा म्हणजे ट्रकांचा वजनकाटा. दगडखाणीचा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे जमिनीत बसवलेली एक लांबलचक लोखंडी प्लेट, प्लेटखाली माणूस वाकून फिरेल एवढा खड्डा, आणि बाजूला चार पायऱ्या चढून काचेची केबिन. केबिनच्या डोक्यावर लाल आकडे. आत ताई बसायची, आणि बाहेर तिचा भाऊ हात हलवून गाड्या पुढे-मागे घ्यायचा. वडिलांनी काटा दोघांच्या नावावर केला होता, पण तो कुणाचा याबद्दल खुद्द भावाच्याही मनात शंका नव्हती. ड्रायव्हर तिला काटेताई म्हणत आणि त्याला बारक्या. बारक्या छत्तीस वर्षांचा होता. पण नाव एकदा चिकटलं की वय कोण विचारतो.

ताईला फसवणं ही त्या रस्त्यावर अजून कुणाला न जमलेली गोष्ट होती. एक चाक प्लेटच्या बाहेर ठेवलं तर तिला ते मान न वळवता कळायचं. एकाने भरलेल्या गाडीचं वजन करताना ट्रकच्या केबिनमध्ये पायांशी दोन मेव्हणे लपवून आणले होते. ताईने शांतपणे वजन केलं, पावती त्याच्या हातात दिली आणि मेव्हण्यांनाही खडीचाच भाव लावायचा का, एवढंच विचारलं. दोन्ही मेव्हणे आपण होऊन खाली उतरले आणि त्यांनी तिला नमस्कार केला. बारक्याने असले प्रसंग डोळ्यांनी पाहिले होते. जगात आपल्या बहिणीसारखी दुसरी बाई नाही हे मत त्याने लहानपणीच बनवलं होतं, आणि ते बदलायची वेळ तिने त्याच्यावर कधी आणली नव्हती.

फक्त एका गोष्टीपुढे तिने हात टेकले होते. वजन. तिने काय केलं नव्हतं? पहाटे पळून झालं, उपाशी राहून झालं, कमरेला पट्टा लावून हलवणारं यंत्र आणून झालं. त्या यंत्रावर आता आईच्या कुंड्या होत्या आणि झाडं बरी वाढत होती. प्रत्येक उपायाने थोडं वजन जायचं आणि चार महिन्यांनी पाहुणे घेऊन परत यायचं. शेवटी गुडघे कुरकुरायला लागले, रक्तातली साखर चढली, आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. ताईने त्यावर तीन वर्षं विचार केला. एकदा ठरवल्यावर मात्र ती ऑपरेशनच्या खोलीकडे अशी गेली की जणू तिथे तिला कुणाचा तरी ट्रक पकडायचा होता. स्ट्रेचर ढकलणाऱ्याला तिने वाटेत सांगितलं, डावं पुढचं चाक ओढतंय, बघून घे. त्याने खाली वाकून पाहिलं. ओढत होतं.

घरी आल्यावर तिची शिस्त बघण्यासारखी होती. अर्धी वाटी सूप ती चहाच्या चमच्याने, घड्याळ समोर ठेवून प्यायची. पाणी घोटाघोटाने. पुढे मऊ भात आला, उकडलेलं अंडं आलं, आणि चार घासांत ती ताट बाजूला सारायची, चेहऱ्यावरची रेघही न हलवता. बारक्याला वाटायचं, पहाड चढणाऱ्या लोकांचे फोटो छापतात, हिचा का छापत नाहीत?

अडचण आईची होती. आईच्या हाताला कमी वाढायची सवयच नव्हती. ती लेकीच्या ताटात पूर्वीइतकंच वाढायची, आणि अन्न टाकायचं नाही हा घरचा नियम होता. ताईने चार घासांवर ताट थांबवल्यावर उरलेलं कुणाच्या तरी पोटात जाणं भाग होतं. बारक्याने ही जबाबदारी कुरकुर न करता उचलली. बहिणीसाठी माणूस एवढंही करणार नाही का?

राहिला प्रश्न वजन मोजायचा. हॉस्पिटलमधल्या काट्यावर ताईचा काडीचा विश्वास नव्हता. त्या काट्याला पाया नव्हता, चाकं होती. आणि चाकं असलेला काटा म्हणजे, तिच्या मते, पळून जायच्या तयारीतला साक्षीदार. घरातला छोटा काटा तिच्या लेखी खेळणं होता. वजन करायचं तर आपल्या काट्यावर, दर सोमवारी सकाळी, गाड्या सुरू व्हायच्या आधी.

आता हा काटा वीस-वीस किलोंनी मोजायचा. बारा टन तीनशे वीस दाखवील, नाहीतर तीनशे चाळीस दाखवील; मधे काही असतं हे त्याला मान्यच नव्हतं. ऑपरेशनच्या आधी त्याने ताईला एकशे चाळीस दाखवलं होतं. दोन आठवड्यांनी एकशे चाळीस. महिन्याने एकशे चाळीस. बारक्याने तिला समजावलं की एकशे चाळीस म्हणजे एकशे एकोणपन्नासही असू शकतं आणि एकशे एकतीसही.

"ट्रकवाल्यांना मी असं सांगते का?" ताई म्हणाली.

डॉक्टरांनीही सांगून ठेवलं होतं की सगळं नीट चाललेलं असताना मधेच काही आठवडे वजन जागचं हलत नाही, घाबरायचं नाही. ताईने तेव्हा मान डोलावली होती. पण मान डोलावणं तिच्या धंद्याचाच भाग होता. ड्रायव्हरांच्या थापा ऐकतानाही ती अशीच डोलवायची. लोक म्हणत, ताई, बारीक झालात. ती म्हणायची, पावती लवकर हवी असली की मी बारीकच दिसते. आई म्हणायची, किती वाळलीस गं. पण आई हे ती शाळेत असल्यापासून म्हणत होती.

दुसरा महिना संपला त्या सोमवारी खाणीवरचा एक ट्रक भल्या सकाळीच येऊन गेला. शिगोशीग भरलेला होता, प्लेटवर चार-पाच दगड सांडून गेला. बारक्याने ते पायानेच बाजूला लोटले. मग ताई केबिनमधून उतरली, चपला काढल्या, आणि दोघांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले. ही त्यांची दर सोमवारची रीत होती. कुठल्याही ट्रकच्या आधी बारक्या लाल आकडा शून्यावर आहे ना हे न चुकता बघायचा. पण बहीण म्हणजे ट्रक नव्हे. ती चढेपर्यंत आकड्याकडे टक लावून बघणं त्याला बरं वाटायचं नाही, म्हणून तो डोळे मिटायचा. आणि ती भीतीने मिटायची. ती म्हणाली, हं. दोघांनी डोळे उघडले.

एकशे साठ.

ताईने चपला घातल्या आणि चार पायऱ्या चढून खुर्चीवर जाऊन बसली. बारक्या पाण्याची बाटली घेऊन मागोमाग गेला. तिने एक घोट घेतला, नियमाप्रमाणे थांबली, मग दुसरा घेतला.

"बारक्या," ती म्हणाली, "इतकी वर्षं काहीही फसलं की मी मनात म्हणायचे, अजून ऑपरेशन बाकी आहे. तो शेवटचा डबा मी कधी उघडलाच नव्हता. आता उघडला. हेही नाही झालं तर मी काय म्हणायचं?"

आपण रोज तिचं ताट संपवतो हे सांगायचं बारक्याच्या ओठांवर आलं होतं, पण त्यामुळे तिचं सांत्वन कसं होणार हे त्याला समजेना.

तेवढ्यात पाण्याचा टँकर आला आणि बारक्या खाली उतरून शून्य बघायच्या आत थेट प्लेटवर चढला. टँकरचा ड्रायव्हर मिशीवाला. त्याला दुसरं नाव असेलही, पण मिशी असताना कुणी शोधलं नव्हतं. त्याच्या रिकाम्या टँकरचं वजन ताईला स्वतःच्या वाढदिवसासारखं पाठ होतं. आज आकडा वीस किलो जास्त आला. मिशीवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढून आकडा बघितला आणि म्हणाला, "काटेताई, शपथेवर सांगतो, टँकरने सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

ताई ताठ झाली. तिने टँकर पुढे काढायला लावला. प्लेट रिकामी झाली. प्लेटवर चिटपाखरू नव्हतं, आणि लाल आकडा होता वीस.

"सकाळी मी चढायच्या आधी किती होतं रे?" तिने खिडकीतून विचारलं.

"माझे डोळे मिटलेले होते."

"माझेपण."

बारक्याने मनातल्या मनात वजाबाकी केली. ताईची त्याच्या आधी झाली होती.

"म्हणजे पुन्हा एकशे चाळीसच," ती म्हणाली.

घोडं कुठे अडलंय हे दोघांनाही कळलं. सकाळचा एखादा दगड फटीतून खाली जाऊन प्लेटला अडकला होता, आणि त्याचा ताण काटा वजनात धरत होता. मिस्त्री परवापर्यंत येणार नव्हता, आणि मागे ट्रकांची रांग लागायला लागली होती. खड्ड्यात उतरायला प्लेटच्या कडेला एक चौकोनी लोखंडी झाकण होतं. पूर्वी त्यातून ताईच उतरायची. वडिलांनी तिला शिकवलं होतं. मग एका वर्षी ती त्यात कमरेशी अडकली. वडिलांनी तिला हाताला धरून ओढून काढलं, एक शब्द बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून बारक्याला उतरवायला लागले. त्या न बोललेल्या शब्दाचं वजन कुठल्याच काट्यावर झालं नव्हतं.

बारक्याने झाकण उघडलं, पाय आत सोडले आणि नेहमीसारखा खाली सरकला. पोटापाशी थांबला. श्वास सोडून बघितला. हात वर करून बघितले. दोन महिन्यांचं सूप, भात आणि अंडी एकदिलाने नाही म्हणाली. त्याला ना वर येता येईना ना खाली जाता येईना, तेव्हा मिशीवाल्याने उतरून त्याला काखेत हात घालून उपटलं. मिशीवाल्याचे स्वतःचे खांदे टँकरच्या मापाचे होते, त्यामुळे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. रांगेतले ड्रायव्हर खाली उतरून गोल करून उभे राहिले. दुसऱ्याचं घोडं अडलेलं बघायला माणसाला वेळ नेहमीच असतो.

ताई केबिनमधून उतरली. ओढणी कमरेला गच्च बांधली.

"मी बघते," ती म्हणाली.

बारक्याच्या पोटात धस्स झालं. आणि त्या पोटात आता धस्स व्हायला जागाही भरपूर होती. ती अडकली तर? सात-आठ ड्रायव्हरांच्या देखत, वडिलांच्या वेळेसारखी? मग एकशे चाळीस की एकशे साठ हे बघायला कुठला काटाच लागणार नव्हता. त्याने तिला हळूच सांगितलं की आपण मिस्त्रीची वाट बघू, दोन दिवसांनी काही आभाळ कोसळत नाही. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खाली बसली. पाय आत सोडले. गुडघे गेले. मांड्या गेल्या. कमरेपाशी ती थांबली, आणि सगळा रस्ता थांबला. मिशीवाल्याने मिशी हातात धरली. ताईने एक श्वास सोडला, खांदा जरा तिरका केला, आणि झाकणाच्या चौकोनात एकदम कोणीच उरलं नाही.

खालून आवाज आला. "बॅटरी दे."

बारक्याने बॅटरी दिली. ठोकल्याचे आवाज आले, मग ताईचा हात वर आला आणि लिंबाएवढा एक दगड त्याने कडेला ठेवला. लाल आकडा शून्यावर आला. हात परत खाली गेला, पण ताई काही वर येईना. बारक्याने पालथं पडून आत डोकावलं. ती खड्ड्यात खाली बसली होती, बॅटरी मांडीत, आणि वरच्या चौकोनाकडे बघत होती.

"मला कुणी ढकललं का रे?"

"नाही."

"खरं सांग."

"ताई, मी अजून माझं पोट चोळतोय."

मग ती हसायला लागली. लोखंडाखाली हसणं फार मोठं ऐकू येतं. ड्रायव्हरांना आधी वाटलं काटा बिघडला.

वर यायला तिला कुणाचा हात लागला नाही. बारक्याने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला, आणि त्याला त्याचं इतकं बरं वाटलं की त्याने तो बराच वेळ मागे घेतला नाही. सगळ्यांच्या आग्रहावरून ती प्लेटवर उभी राहिली. या खेपेला शून्य बघून, डोळे उघडे ठेवून. आकडा आला एकशे चाळीस. ताईने त्या लाल आकड्याकडे वर्गातल्या मठ्ठ पण प्रामाणिक मुलाकडे बघावं तसं बघितलं.

"बिचाऱ्याला वीसचा पाढा येतो," ती म्हणाली. "दुसरं काही येत नाही."

मिशीवाल्याच्या सूचनेवरून मग बारक्यालाही प्लेटवर चढवण्यात आलं. तो आयुष्यभर ऐंशी होता. आकडा आला शंभर. काट्यावर त्याच्या बहिणीचं ग्रॅमभरही गेलं नव्हतं आणि त्याचं वीस किलो वाढलं होतं. आईला संध्याकाळी हे सांगितलं तर ती म्हणाली, चला, एकाच्या तरी अंगी लागलं. ताईने त्याच दिवसापासून स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यायला सुरुवात केली.

बारक्याने मात्र ही गोष्ट इथे सोडली नाही. वजनमापे तपासणारं सरकारी कार्यालय दर वर्षी माणूस पाठवून काट्यावर शिक्का मारायचं. त्या कार्यालयाला त्याने पुढील अर्ज पाठवला, आणि पोच मागितली:

"विषय: खड्ड्याच्या झाकणास मान्यता मिळणेबाबत. महोदय, आमचा काटा नियमाप्रमाणे बरोबर आहे, तक्रार नाही. तथापि सदर काट्यास जे दोन महिन्यांत कळले नाही ते त्याच्या शेजारील चौकोनी लोखंडी झाकणाने एका श्वासात सांगितले, यास सात ड्रायव्हर व एक मिशी साक्षीदार आहेत. तरी सदर झाकणास वजन मोजण्याचे अधिकृत साधन म्हणून मान्यता देऊन त्यावर सरकारी शिक्का मारण्यात यावा. दर वर्षी पडताळणीसाठी अर्जदार आपल्या थोरल्या बहिणीस आत उतरवण्याची हमी देत आहे. ती न अडकल्यास झाकण बरोबर समजावे. अर्जदार अडकल्यास ती झाकणाची चूक धरण्यात यावी, ही नम्र विनंती."