आकारामचा पंप

१९९८ साली मी घरामागच्या माझ्या परड्यात एक दयाळ पक्षी मारला. मुद्दाम नव्हे. चवळीच्या वेलावर अळ्या झाल्या म्हणून मुरगूडच्या बाजारपेठेतून पावडर आणली आणि दोन मुठी भुरभुरली. दुसऱ्या दिवशी काळापांढरा नर वेलाखाली उताणा पडलेला, चोचीत अळी तशीच. तीस वर्षं पोरांना 'पक्षी आपले मित्र' शिकवलेली मी, माझी मलाच लाज वाटली.

त्यानंतर परड्यात औषधाचा थेंब येऊ दिला नाही. आघाडा, तरवड, निर्गुडी, जे उगवेल ते वाढू दिलं. पाला जाळणं बंद केलं, पक्ष्यांसाठी मातीच्या परळात पाणी ठेवलं. बेडूक आले, सरडे आले, बुलबुल आले. दयाळ मात्र यायचं नाव घेईना. भिंतीपलीकडचा आकाराम, माझ्याच हाताखाली चौथी शिकलेला, गल्लीभर सांगत सुटला, "बाईंनी परड्याचं रान केलंय. वांगी बघायची तर माझी बघा. औषधाबिगर काय पिकतंय व्हय?" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि आतल्या आत जळायची.

सहा वर्षांनी, एप्रिल महिन्यात, शेवग्याच्या ढोलीत दयाळाच्या जोडीनं घर केलं. पिल्लंही झाली. नर-मादी दिवसभर चवळीवरच्या अळ्या वेचून ढोलीत नेत. मी दारात बसून बघत राहायची, चहा गार व्हायचा.

नेमकी त्याच चवळीवर माव्याची कीड पडली. त्यावर माझा उपाय आंबट ताकाचा. पाण्यात कालवायचं आणि केरसुणीनं शिंपडायचं. पण उजवं मनगट मुरगळलेलं, म्हणून आकारामच्या बायकोकडून पाठीवरचा फवारणीचा पंप मागून आणला. ताक भरलं, सगळा वेल भिजवला आणि पंप परत द्यायचा म्हणून धुवायला बसले. आपल्याकडं मागून आणलेलं भांडं परत देताना घासतात. आणताना कोण धुतं? देणाऱ्याला वाईट वाटेल. पहिला तांब्या ओतला आणि हात थांबला. औषधाचा पंप मी आत्ता धूत होते, फवारणी झाल्यावर.

आकाराम निपाणीच्या बाजाराला गेलेला. पंपात काय होतं ते त्याच्या बायकोला ठाऊक नव्हतं. मी एका हातानं बादल्या ओढून वेल धुतला. तरी भरवसा वाटेना, म्हणून काठी घेऊन उभी राहिले. मादी वेलावर उतरली की हाकलायची. ती शेवग्यावरून मला शिव्या घालत होती आणि ढोलीत पिल्लं भुकेनं ओरडत होती. विष खाऊ घालायचं की उपाशी मारायचं, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

चार वाजता आकाराम आला. मी भिंतीवरूनच विचारलं, "पंपात शेवटचं कुठलं औषध घातलंस? नाव सांग."

"वाईच हळू बोला की, बाई."

"अरे, माझी पिल्लं मरतील."

त्यानं गल्लीकडं बघून घेतलं. "औषध न्हाय त्यात."

"म्हणजे?"

"दोन वर्सं झाली, मारलंच न्हाय. पंपबी गेल्या साली नवा आणलाय. ताकच मारतोय की. तुमचंच बघून."

"आणि गल्लीत सांगत फिरतोस ते?"

"एवढं बोलून बसलोय, आता कुठल्या तोंडानं माघार घिऊ?"

एरवी मी त्याला चांगला फैलावर घेतला असता. पण काठी हातातून गळाली. मी पायरीवर बसले आणि रडले. एवढं हलकं मला रिटायर झाले त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

आकाराम घाबरला. "रडू नका की बाई. शप्पत, खरं सांगतोय. फकस्त गल्लीत कुणाला बोलू नका."

मी मान हलवली. मादी पुन्हा वेलावर उतरली. तिनं एक हिरवी अळी उचलली, माझ्याकडं तिरकं बघितलं आणि ढोलीत शिरली. या वेळी मी तिला जाऊ दिलं.