मरायची परवानगी

सुक-हानने चिनी संगीत नाटकमंडळीत सव्वीस वर्षं दासीचं काम केलं, आणि आज दुपारी तिला पहिल्यांदा नायिका होऊन मरायचं होतं. मुख्य नटीचा पाय मुरगळला, म्हणून. मरायचं कुणाच्या मांडीवर, तर क्वाई-सिनच्या. क्वाई-सिन म्हणजे मंडळीतली नायक. बाईच, पण पुरुषी बूट चढवून उभी राहिली की बेटावरच्या म्हाताऱ्यासुद्धा केस सावरायच्या. सुक-हानचा पहिल्या दिवसापासून तिच्यावर जीव होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं आणि सगळ्या मंडळीला ठाऊक होतं, एक क्वाई-सिन सोडून.

नाटकात नायिका बर्फात गारठून मरते, तेही वीस मिनिटं गात गात. गारठलेल्या बाईला एवढा दम कुठून येतो, ते विचारू नये.

तोंडाला रंग लावून होतोय तोच उत्सव समितीचे शेककाका रंगपटात शिरले.

"बाई, मरायचं नाही."

"अहो काका, नाटकच तसं आहे!"

"दर्यादेवीचा वाढदिवस आहे. वाढदिवसाला दारात कुणी मरतं होय?"

"गेल्या वर्षी मेली की!"

"आणि महिन्याभरात तीन होड्या बुडाल्या. मी आत्ताच देवीला कौल लावला. कौलाचे दोन्ही लाकडी ठोकळे पालथे पडले, एक तरी उताणा पडायला हवा होता. नाही म्हणजे नाही!"

सव्वीस वर्षं थांबून मिळालेली एक मांडी, तीही देवी हिसकावून घेतेय! सुक-हानने रडून गोंधळ घातला, तेव्हा काका एवढंच कबूल झाले, की मरायच्या वेळी पुन्हा विचारू, देवीचं मन बदलतं कधीकधी.

शेवटचा अंक आला. वरून कागदी बर्फ पडू लागला. सुक-हान क्वाई-सिनच्या मांडीवर कोसळली आणि असं गायली, की पहिल्या रांगेतल्या कोळणींनी तोंडातली बियांची टरफलं थुंकायचं थांबवलं. तिने डोळे मिटले. खाली ठोकळे आपटले.

"नाही म्हणतेय! उठा!" काका ओरडले.

झक मारत ती उठली. ढोलवाल्या मास्तरांचे हात हवेतच राहिले. पुढे संहिताच नव्हती. पण जुनी मंडळी ती, बोटांच्या खुणेने वादकांना चाल सांगायची आणि जागच्या जागी गाणं रचायचं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. क्वाई-सिनने तीन बोटं दाखवली, मास्तरांनी ठेका धरला.

"वाचलीस! आता काय करायचं?" क्वाई-सिनने गाऊन विचारलं.

"लग्न," सुक-हानने गाऊन सांगितलं.

लग्न झालं. काकांनी पुन्हा कौल लावला, ठोकळे पालथे. मग संसार सुरू झाला. दोघींनी नसलेल्या चुलीवर कांजी शिजवली. मीठ जास्त झालं म्हणून कडकडून भांडल्या. एक वर्ष रुसून बसल्या, ते सुरावटीत तीन मिनिटांत आटोपलं. ठोकळे पालथेच. मुलं झाली, होडी घेतली, गुडघे दुखायला लागले. प्रेक्षकांतून सल्ले येऊ लागले. "बाई, आल्याचा शेक घ्या!" एकीने तर खरंच आल्याचा तुकडा मंचावर फेकला.

दोघी पाठीला पाठ लावून म्हातारपणी बसल्या. क्वाई-सिन ठेका सोडून, साध्या बोलीत हळूच म्हणाली, "सुक-हान, तू हे सगळं रचत नाहीयेस, ना?"

"नाही."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

क्वाई-सिनने मागे हात नेऊन सुक-हानचा हात शोधला आणि घट्ट धरला.

तेवढ्यात ठोकळे आपटले. एक उताणा, एक पालथा.

"हो म्हणाली!" काका आनंदाने बाकावर चढले. "देवीने परवानगी दिली! मरा, बाई, मरा!"

मास्तरांनी शेवटच्या ठोक्यासाठी काठ्या उचलल्या आणि सुक-हानच्या बोटांकडे बघत राहिले. सगळा मांडव बघत राहिला.

"काका," सुक-हान म्हणाली, "देवीला सांगा, आता मला नाही मरायचं."