दाराआडची यादी

मावशीचा संशयी स्वभाव शाळेत सगळ्यांना ठाऊक होता. बावीस वर्षं ती फाटकावर बसत होती आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय तिने कुणालाही आत सोडलं नव्हतं. एकदा तर खुद्द शिक्षणाधिकाऱ्यांना तिने पाऊण तास बाकावर बसवून ठेवलं. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, धावत आल्या तेव्हा म्हणाली, "कपाळावर लिहिलंय का त्यांच्या, साहेब म्हणून?"

त्यामुळे मतदानासाठी शाळा द्यायची ठरली तेव्हा तिचं डोकंच फिरलं.

"बाई, शाळा म्हणजे काय धर्मशाळा आहे? कुणीही यावं आणि वर्गात हिंडावं?"

"मुलांना सुट्टी आहे त्या दिवशी," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि म्हाताऱ्या माणसांनी मत द्यायला जायचं कुठे? चालत येण्यासारखी ही एकच जागा आहे. उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नका."

"साप आहेच. बटणच्या आईने फोटो नाही का दाखवला?"

बटण म्हणजे दुसरीतली एक मुलगी. तिच्या शर्टाचं एक तरी बटण रोज चुकीच्या काजात असायचं, म्हणून मावशीने ठेवलेलं नाव. तिच्या बापाने तिच्या आईचा हात दोनदा मोडला होता. कोर्टाने त्याला दोघींच्या जवळ फिरकायला बंदी केली होती आणि मायलेकी आधीचं गाव सोडून इथे आल्या होत्या. प्रवेशाच्या दिवशी आईने त्याचा फोटो मोठ्या बाईंना आणि मावशीला दाखवला. "शाळा कुठली ते कळलं, की तो मागोमाग घरापर्यंत येईल," एवढंच ती म्हणाली होती.

एक केंद्र दुसरीच्याच वर्गात लागणार होतं, म्हणून आदल्या दिवशी दुपारी दोघींनी बाकावर चढून दुसरीच्या भिंतीवरची चित्रं, हजेरीचा तक्ता, वाढदिवसांचा कागद, जिथे जिथे मुलांची नावं होती ते सगळं उतरवून कपाटात कोंबलं.

मतदानाच्या सकाळी केंद्राध्यक्षांनी मावशीला बजावलं, "आज केंद्र माझ्या ताब्यात. यादीत नाव आहे तो आत जाईल. तुम्ही फक्त रांग दाखवा." मावशीने मान हलवली आणि प्रत्येक चेहरा निरखून पाहायला लागली. आज तिला सगळेच चोर वाटत होते. एका आजोबांची काठीसुद्धा तिने उलटीसुलटी करून पाहिली.

अकराच्या सुमाराला तो आला. फोटोत मिशी होती, आता नव्हती. पण डाव्या भुवईतून गेलेली खूण तीच. मावशीच्या मनात पाल चुकचुकली, आणि त्याने हसून नमस्कार केला तेव्हा तर तिची खात्रीच पटली. मावशीला नमस्कार कोण करतं?

"यंदाच राहायला आलोय इकडे," तो म्हणाला. "छान आहे हो शाळा. दुसरीचा वर्ग कुठे भरतो?"

"काय की," मावशी म्हणाली. "मी नवीन आहे."

तो रांगेत जाऊन उभा राहिला. मावशी तडक केंद्राध्यक्षांकडे गेली आणि कानाशी लागून सगळं सांगितलं.

"कोर्टाच्या आदेशाची प्रत आहे तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. "मुलगी आज शाळेत नाही. त्याचं नाव यादीत आहे. मत द्यायला आलेल्या माणसाला मी कोणत्या कायद्याने अडवू?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, आणि म्हणूनच ते तिला जास्त झोंबलं. मोठ्या बाई वरच्या मजल्यावर दुसऱ्या केंद्राच्या खुर्च्या लावून घेत होत्या. मावशीचं स्वतःचं नाव याच खोलीच्या यादीत होतं. ती चिठ्ठी घेऊन रांगेत शिरली, त्याच्या मागे दोन माणसं सोडून.

खोलीत पाऊल टाकलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरीच्या वर्गाचं मागचं दार एरवी दिवसभर भिंतीला टेकून उघडं असायचं. आज केंद्राध्यक्षसाहेबांनी ते बंद करून घेतलं होतं. त्या दाराआडची भिंत उघडी पडली होती, आणि तिच्यावर शाळेच्या बसची यादी चिकटवलेली होती. प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव, उतरायचा थांबा, वेळ आणि घ्यायला कोण येतं ते. काल ती दोघींच्याही लक्षात आली नव्हती. यादीच्या खाली टेबल, आणि टेबलावर मतपेटी; या वेळी मतदान यंत्रावर नव्हतं, कागदी मतपत्रिकेवर होतं.

त्याने मतपत्रिका घडी करून पेटीत टाकली. मग तो निघाला नाही. रिकाम्या भिंतींवरून त्याची नजर सावकाश फिरायला लागली. खिडकीकडून फळ्याकडे, फळ्याकडून कपाटाकडे.

मावशी रांग मोडून धावली. वय साठीचं, पण पोहोचली. यादी तिने एका हिसड्यात ओढून काढली.

"यादी फाडली! मतदारांची यादी फाडली!" एका पक्षाचा प्रतिनिधी ओरडला. दुसरा खुर्चीवरून उठला. "मला आधीपासूनच संशय होता! साहेब, तो कागद घ्या आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा!"

"वाचाच," तिसरा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच ते तिघे एकमताचे झाले होते.

तो दाराशी थांबून ऐकत होता. केंद्राध्यक्षांनी हात पुढे केला. मावशीने इकडेतिकडे पाहिलं. या खोलीत साहेबांनाही उघडता येणार नाही अशी एकच वस्तू होती. तिने कागदाची घडी केली आणि फटीतून आत सारली.



"काय होतं त्यात?" केंद्राध्यक्षांचा आवाज चिरकला.

बसची यादी, एवढं म्हटलं असतं तर ती सुटली असती. मावशीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "एका उमेदवाराविरुद्ध लिहिलेला कागद होता," ती म्हणाली. "लोकांनी वाचावा म्हणून मीच लावला होता. पकडली जाईन म्हणून टाकला." बोलताना तिचे कान लाल झाले. खोटं बोलण्याची सवय नव्हती तिला.

"या वयात हे धंदे?" दाराशी थांबलेला तो हसला, मान हलवली आणि निघून गेला.

प्रतिनिधींनी जबाबावर सह्या केल्या. मावशीनेही केली. तिचं मत राहिलं ते राहिलंच. पोलीसबाई तिला न्यायला आल्या तेव्हा तिने केंद्राध्यक्षांना हळूच विचारलं, "साहेब, तो फाटकाबाहेर गेला?"

"गेला केव्हाच. का?"

"बसची यादी होती ती. मुलांची. मोठ्या बाईंना म्हणावं, बटणच्या आईला आत्ता फोन करा. तो याच भागात राहायला आलाय."

केंद्राध्यक्ष उघड्या भिंतीकडे बघत राहिले. "मग मघाशी का नाही बोललात?"

"तो ऐकत होता ना."

"मावशी, पेटी शनिवारी मोजणीला उघडेल. तोवर तुमच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"नका ठेवू," मावशी म्हणाली. "मी तरी कुठे कुणावर ठेवते?"