पत्र्याखालचा छापखाना

परतूरला स्टेशनच्या रस्त्यावर मच्छिंद्र साळव्यांचा छापखाना होता. छापखाना म्हणजे काय, तर चहूकडून अन् वरूनही पत्रे ठोकलेली एक खोली, पायानं चालवायचं मशीन आणि शिशाच्या अक्षरखिळ्यांचे खण. मच्छिंद्र खिळे जुळवायचा, मशीन मारायचा. बायको कांताबाई छापलेले कागद वाळत घालायची, गड्ड्या बांधायची. सोळा वर्षं असंच चाललं होतं.

उन्हाळा दरवर्षीच जड जायचा, पण सत्त्याऐंशीच्या मे महिन्यानं हद्दच केली. खिळ्यांना शाई लावणारे रूळ सरस आणि गुळाचे ओतलेले असत. नऊ वाजले की ते मऊ पडत. त्या दिवशी एक रूळ खिळ्यांना चिकटला आणि त्याचा लचकाच निघाला. घनसावंगीच्या सर्जेराव गुरुजींच्या मुलीच्या लग्नपत्रिकांची पहिली बाजूच अर्धी छापून झाली होती, दुसरी अजून जुळवायची होती. लग्न बारा दिवसांवर आलं होतं.

"वरून गार केल्याबिगर न्हाई व्हायचं हे," मच्छिंद्र म्हणाला.

कांताबाईनं पत्र्यावर गोणपाटं टाकली अन् हापशाहून पाणी आणून ती भिजवली. तासभर बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ती घागर लावायला गेली तर शेजारच्या गोजरबाईनं तिचा हात धरला.

"आमाला प्यायला न्हाई अन् तू पत्र्याला पाजून राह्यली?"

गोजरबाईची नात कडेवर होती आणि तिचे ओठ फुटलेले होते. कांताबाईनं घागर रिकामीच उचलली अन् परत आली.

मग पत्र्याला चुना फासला. त्यानं तलखी जराशीच उतरली. दीर भुजंगच्या शेतातून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे भारे आणले, वर पसरले. दोन दिवस नवा ओतलेला रूळ अकरापर्यंत टिकला. मच्छिंद्रनं कांताबाईला हसून हाक मारली, "बघ, कसा छापून राह्यलाय!" कित्येक दिवसांनी तो हसला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी वावटळ आली आणि पऱ्हाट्या उडवून रेल्वेच्या रुळांपलीकडं घेऊन गेली. कांताबाई नको नको म्हणत असताना मच्छिंद्र उरलेल्या पऱ्हाट्यांवर दगड ठेवायला वर चढला. बराच वेळ वरून काहीच आवाज आला नाही. ती शिडीवरून डोकावली तर तो तापल्या पत्र्यावर आडवा पडला होता. अंग भट्टीसारखं, अन् घामाचा थेंब नाही.

जालन्याच्या दवाखान्यात तो नऊ दिवस होता. जगला. पण उजवा हात थरथरू लागला आणि बोलताना शब्द एकमेकांत अडकू लागले. उन्हाचा ताप डोक्यात गेला, डॉक्टर म्हणाले.

तो दवाखान्यात असतानाच गुरुजी तिथं आले होते. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, मी जालन्यातच छापून घेतो."

"एक दिवस द्या, गुरुजी. मी जुळवते."

नवऱ्याजवळ दिराला बसवून ती पहाटेच्या गाडीनं परतूरला आली. उलट्या अक्षरांत नवरीचं नाव शोधताना तिचे डोळे दुखून आले. दहापर्यंत चार ओळी झाल्या. मशीनवर ठसा काढून पाहायला गेली तर रूळ लोंबत होता, काकवीसारखा. दुपारी गुरुजी आले, तेव्हा तिनं पत्रिकेचं हस्तलिखित घडी करून त्यांच्या हाती दिलं. ते खिशात घालून ते स्टेशनाकडं वळले.

पुढं पाऊसपाणी झालं, थंडीही आली. रूळ नवे ओतता आले असते, पण मशीन कोण मारणार? कांताबाई कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी उचलायला जाऊ लागली. मच्छिंद्र छापखान्यात जाऊन बसायचा. जुळवलेल्या ओळी सोडायचा आणि एकेक खिळा खणात टाकायचा.

एकदा कांताबाईनं जवळ जाऊन पाहिलं. 'क'च्या खणात 'म' होते, 'र'च्या खणात वेलांट्या. खिळ्यांची सगळी पेटी एकमेकांत मिसळून गेली होती.

"बराबर हाय ना?" त्यानं विचारलं.

"बराबर आहे," ती म्हणाली, अन् दुसरी ओळ त्याच्यापुढं सरकवून दिली.